तळपायांची शिकवणी

पहिल्या दिवशी मॅडमनी मला गाडी दाखवलीच नाही. माझ्या हातावर एक हिरवी मिरची ठेवली आणि म्हणाल्या, "चाव."

मी गेले होते ड्रायव्हिंग क्लास लावायला. नेरुळच्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. खिडकीवर 'मोटार ड्रायव्हिंग, फक्त महिलांसाठी' असा बोर्ड आणि खिडकीखाली एक पांढरी गाडी, जिच्या अंगावर पोचे कमी आणि सूचना जास्त होत्या. मी न्हावा शेवाला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कामाला. ऑफिसची बस चुकली की दिवसाचं वाटोळं. स्वतःची गाडी घेऊन जावं म्हटलं तर उरणच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर बाजूने जायला लागले की माझे हातपाय गळायचे. नवरा शिकवायला बसला तेव्हा आमचा संसार मोडायची वेळ आली होती, म्हणून क्लास. मिरची खायची तयारी करून मी आले नव्हते. पण समोरच्या बाईंच्या आवाजात इतकी शाळा भरलेली होती की हात आपोआप तोंडाकडे गेला.

डोळ्यांतून पाणी आलं. मॅडमनी शांतपणे विचारलं, "काय होतंय?"

"जळतंय."

"तोंड तापलंय? बोट लावून बघ."

बोट लावलं. तोंड काही तापलेलं नव्हतं.

"मिरची गरम नसते," त्या म्हणाल्या. "जिभेवर उष्णता ओळखणारे रिसेप्टर आहेत. त्यांच्या कुलपाला मिरचीची किल्ली लागते. ते बिचारे वर कळवतात, आग लागली. मेंदू त्यांच्यावर विश्वास ठेवतो आणि तू रडतेस. आता हे घे." त्यांनी पेपरमिंटची गोळी पुढे केली. "ही थंड लागेल. तीसुद्धा थंड नाही. उद्या सकाळी सात वाजता ये. चप्पल घालून आलीस तर ती बाहेर काढावी लागेल."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, बाई पार सटकलेल्या आहेत. तो म्हणाला, मग दुसरा क्लास बघ. नेरुळमध्ये ड्रायव्हिंग क्लासना काय तोटा आहे? पण दुसऱ्या दिवशी सात वाजता मी त्यांच्या दारात अनवाणी उभी होते. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

मॅडम मूळच्या रत्नागिरीकडच्या. लग्न केलं नाही. एका ज्युनिअर कॉलेजात वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात तशा त्या आरटीओत गेल्या. ड्रायव्हिंग शिकवायचा परवाना काढला, गाडी घेतली आणि बायका गोळा केल्या. त्यांचं म्हणणं असं की कॉलेजात त्या जे शिकवायच्या त्याचा उपयोग करणारी मुलं त्यांना भेटलीच नाहीत. सगळ्यांना मार्क हवे होते. "रिसेप्टर म्हणजे काय, यावर पानभर लिहितील," त्या म्हणायच्या, "पण पाय कुठे आहे ते खाली बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

पाय कुठे आहे हे न बघता कळणं, हाच त्यांच्या शिकवण्याचा पाया. पहिला आठवडा गाडी सुरूच करायची नाही. डोळे मिटून सीटवर बसायचं आणि पाय अॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर, ब्रेकवरून अॅक्सिलरेटरवर. "स्नायूंमध्ये ताण मोजणारी यंत्रं बसवलेली आहेत," त्या डाव्या सीटवरून सांगायच्या. "गुडघा किती वाकला, घोटा किती वळला, सगळं कळवतात. तू मात्र त्यांचं ऐकत नाहीस. डोळ्याला विचारतेस. डोळा फार आगाऊ असतो गं. दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हाच आधी देतो." अनवाणी पाय त्यासाठीच. तळपायाच्या कातडीत खोलवर काही रिसेप्टर असे आहेत की त्यांना फक्त थरथर कळते. क्लच सोडत आणताना एका क्षणी गाडीच्या अंगात बारीक थरथर येते, ती त्यांनी टिपायची. तिथे पाय थांबवायचा. "हाफ क्लच हा शब्द विसर," मॅडम म्हणायच्या. "गाडी आता तुझ्याशी बोलली, एवढंच लक्षात ठेव."

आणि खरंच, एका सकाळी उलव्याच्या त्या रुंद रिकाम्या रस्त्यावर माझ्या डाव्या तळव्याला ती थरथर कळली. मी ओरडलेच, "मॅडम, बोलली." मागच्या सीटवर सानपाड्याच्या काकू बसल्या होत्या. नातवंडं झाल्यावर गाडी शिकायला निघालेल्या, नवऱ्याच्या नाकावर टिच्चून. त्या म्हणाल्या, "काय बोलली ती आम्हालाही सांग."

मॅडमच्या सवयींबद्दल लिहायचं तर कुठून सुरुवात करू असं होतं. घड्याळ एक आठवडा डाव्या हातात, एक आठवडा उजव्या. जेवायला बसायची जागा रोज वेगळी. उशी कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला. कारण विचारलं तर म्हणायच्या, "शरीर शिळी बातमी छापत नाही. तेच तेच घडत राहिलं की रिसेप्टर कळवणं बंद करतात. सकाळी घातलेला ब्लाउज आता तुला जाणवतोय का?" विचारलं की जाणवायला लागायचा आणि मग दिवसभर टोचायचा. सिग्नलला थांबलेलो असताना त्या अचानक विचारायच्या, "उजव्या पायाची करंगळी काय म्हणतेय?" मागचे हॉर्न वाजवून थकायचे, पण करंगळीचं उत्तर दिल्याशिवाय गिअर टाकायची परवानगी नव्हती.

शनिवारी घरी थिअरी. रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता पाच मिनिटांत उरकायचा आणि मग खरा तास सुरू. केसांचा आकडा उघडून त्याची दोन टोकं बोटावर टेकवायच्या. किती? दोन. तीच टोकं पाठीवर. किती? एक. "बोटाला गर्दीनं पहारेकरी, पाठीला विरळ," मॅडम समजावायच्या. मिटलेल्या डोळ्याचा कोपरा हलकेच दाबायला लावायच्या आणि पापणीआड उजेडाचं कडं दिसायचं. "बघ. दाबलं बोटानं, डोळा म्हणतो उजेड. त्याला दुसरी भाषाच येत नाही. उजेड असो, गूळ असो, चिमटा असो, प्रत्येक जण आपापली बातमी विजेत बदलून वर पाठवतो. मेंदू तिथे कवटीच्या काळोखात बसून नुसती वीज वाचतो. त्यानं बाहेरचं जग कधी पाहिलेलंच नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की आम्हा बायकांना मेंदूची दया यायची.

त्यांचा एक शब्द आम्हाला सतत ऐकावा लागायचा. उत्तर द्यायला कुणी रेंगाळली की त्या म्हणायच्या, "अंदाज नको. लागलं तर लागलं म्हण, नाही तर नाही म्हण." अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर त्या चूक धरायच्या. काकूंचं आणि त्यांचं यावरून भांडण व्हायचं. काकूंचा सगळा संसार अंदाजावर चालला होता आणि त्यांच्या मते उत्तम चालला होता.

खाण्यापिण्यातही तऱ्हा होत्याच. अंडं-मासळी कधीच नाही, आणि पुढे केव्हातरी दूध वासराचं असतं असं मनाने घेऊन तेही सोडलं. दही नाही, ताक नाही. कोरा चहा मात्र सारखा चालू, आणि त्याने पित्त व्हायचं म्हणून रोज सकाळी पित्ताची गोळी. आम्ही काही बोललो तर म्हणायच्या, "माझी जीभ आहे, माझा चहा आहे, तुम्ही रस्ता बघा."

गाडीचं सगळं काम असायचं नेरुळजवळच्या करावे गावातल्या दादूसकडे. दादूसच्या तीन पिढ्या तिथल्याच. आता त्याच्या दोन इमारतींची भाडी येत होती आणि गॅरेज हे फक्त त्याचं मन रमायला होतं. गळ्यात जाड चेन, हातात पाना. मॅडमवर त्याची श्रद्धा होती, कारण त्याच्या बायकोला आणि मेहुणीला गाडी मॅडमनीच शिकवली होती. तर एक दिवस मॅडमनी जाहीर केलं की गाडीचा क्लच मेला.

"थरथर येतच नाही," त्या म्हणाल्या. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात, आमचं काही चुकलं तर सावरायला. त्यांचे पाय कायम त्या पेडलांवर.

"मला तर येतेय मॅडम," मी म्हटलं.

"तुला कुठून येणार? तू कालची."

गाडी दादूसकडे गेली. त्याने क्लच दाबून पाहिला, एक चक्कर मारून आला. "मॅडम, पलेट बरोबर हाय. कनाला बदलताय?"

"मला पाय आहेत, दादूस."

"पाय हायेत ओ. पन पलेट पन हाय." मग डोकं खाजवत म्हणाला, "मला वाटतं गाडीला हवापालट पायजे. एकदा अलिबागला न्या तिला, बगा कशी पलते."

प्लेट बदलली. फरक पडला नाही. मॅडम म्हणाल्या, नवी प्लेटही नकली आहे. दादूसचा चेहरा पडला. "नकली माल आमी ठेवत नाय मॅडम," एवढंच तो म्हणाला आणि हात पुसत आत गेला.

त्यानंतर मॅडमच्या तक्रारींची यादी वाढत गेली. चपलांच्या कंपनीने पट्टे सैल करून ठेवलेत. सोसायटीने जिन्याच्या पायऱ्या उगाच गुळगुळीत केल्या. घरातली फरशी पूर्वीसारखी राहिली नाही, पायाखाली कापूस घातल्यासारखी वाटते. तोंड धुताना त्या एक हात भिंतीला टेकवू लागल्या, आणि त्याचं कारण म्हणे बेसिन खाली बसवलंय. सगळं जग एकाच वेळी बिघडत चाललं होतं. आम्ही हसायचो. वय झालं की माणसं कुरकुर करतात असं धरून चाललो. इतकी हुशार बाई, पण तिलाही वाटलं नाही की बिघडलेल्या या सगळ्या वस्तूंना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे तिचे पाय.

मग उलव्याचा तो प्रकार झाला. काकू चालवत होत्या, मी मागे. वळण घेताना काकूंचा पाय अॅक्सिलरेटरवर पडला आणि तिथेच राहिला. मॅडम नेहमीच्या शांतपणे म्हणाल्या, "धरलंय मी." पण गाडी थांबली नाही. इंजिन नुसतं ओरडत राहिलं, गाडी आहे त्या वेगात दुभाजकावर चढली आणि बोगनवेलीच्या ताटव्यात नाक खुपसून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. काकू रडायलाच लागल्या, "माझंच चुकलं हो मॅडम."

"तुमचं चुकलं ते मी सावरणार होते," मॅडम म्हणाल्या. "मी ब्रेक दाबला होता."

बोलता बोलता त्यांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. त्यांचा पाय क्लचवर होता. ब्रेकला तो शिवलाही नव्हता. त्यांनी तो घाईने उचलला. दादूसने ब्रेक तपासले. ब्रेक ठणठणीत होते.

त्या शनिवारी थिअरीला आम्ही दोघीच होतो, काकू आणि मी. मॅडमचा अंगठ्याचा खेळ चालू होता. एकीने डोळे मिटून पाय लांब करायचा. दुसरीने तिच्या पायाचा अंगठा दोन बाजूंनी धरून हलकेच वर किंवा खाली वळवायचा आणि विचारायचं, कुठे? कुणीही सांगू शकतं. इतकं सोपं की आम्हाला कंटाळा यायचा. माझी पाळी झाली, काकूंची झाली. उलव्यापासून मला चैन नव्हती. मी म्हटलं, "मॅडम, आज तुम्ही बसा."

त्या खुर्चीत टेकल्या, पाय स्टुलावर ठेवला, डोळे मिटले. मी अंगठा धरला, वर वळवला आणि विचारलं, "कुठे?"

"हलव तर आधी."

मी खाली वळवला. पुन्हा वर. काकू माझ्या हाताकडे बघत होत्या.

"अगं, हलव ना," मॅडम हसत म्हणाल्या. "झोपलीस का?"

शेवटी काकूच म्हणाल्या, "मॅडम, ती मघापासून हलवतेय."

मॅडमनी डोळे उघडले. अंगठा माझ्या चिमटीत वर वळलेला होता. मग पुन्हा डोळे मिटले. "कर."

मी वर केला. "खाली," त्या म्हणाल्या, आणि लगेच मान हलवली. "नाही. अंदाज केला मी. लागलं नाही."

दुसरा पायही तसाच निघाला. त्या उठल्या, टेबलाला धरून. गाडीची चावी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "बायांनो, क्लास बंद. मी तुम्हाला मारून टाकलं असतं." मग खुर्चीत बसून त्यांनी आपले पाय जवळ घेतले. "सगळी उत्तरं डोळा देत होता. चालताना मी पायांकडे बघत होते, महिनोन् महिने, आणि मला पत्ता नाही. बिचाऱ्या दादूसला मी काय काय बोलले." त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि मला फार वाईट वाटलं.

डॉक्टर तरुण होत्या, वाशीच्या. त्यांनी मॅडमना पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. मॅडम झाडासारख्या हलायला लागल्या, मी मागून धरलं. मग डॉक्टरांनी एक चिमटा झणकारून त्यांच्या घोट्याच्या हाडावर टेकवला. चिमटा म्हणजे दोन पात्यांचा, आपटला की थरथरत राहणारा.

"थरथर थांबली की सांगा."

"तुम्ही सुरू कधी करताय?" मॅडमनी विचारलं.

चिमट्याचा आवाज मला मागेपर्यंत ऐकू येत होता.

रक्त तपासलं तेव्हा कळलं की बी-ट्वेल्व्ह तळाला गेलंय. डॉक्टरांनी नीट समजावलं. दूध सोडलं, अंडं-मासळी नाही आणि वर रोजची पित्ताची गोळी, जी पोटात ते जीवनसत्त्व सुटंच होऊ देत नाही. ते कमी पडलं की पायांकडून वर जाणाऱ्या तंतूंचं वेष्टण झिजतं. मॅडम ऐकता ऐकता सरळ बसल्या. "म्हणजे रिसेप्टर चांगले आहेत?"

"बरेचसे असावेत. रस्ता खराब झालाय."

"म्हणजे पाय इतके दिवस कळवत होते," मॅडम म्हणाल्या. "बातमी वाटेत मरत होती." त्यांना आपल्या पायांचा निरपराधपणा सिद्ध झाल्यासारखा आनंद झाला. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, परत येईल का?

"इंजेक्शनं सुरू करू. येतं पुष्कळांना. किती येईल ते आज नाही सांगता येणार. उशीर झाला असेल तर थोडं राहूनही जातं. घोट्यावर थरथर कळल्याशिवाय मात्र शिकवणाऱ्याच्या सीटवर बसायचं नाही."

"ते तुम्ही सांगायला नको," मॅडम म्हणाल्या.

माझं लायसन्स त्या सुमारास हातात आलं होतं. इंजेक्शनला त्यांना मीच घेऊन जायची, त्यांच्याच गाडीतून. त्या डावीकडे बसायच्या, पण पाय पेडलांपासून लांब, सीटवर मांडी घालून. एकदा दवाखान्याच्या आवारात गाडी लावल्यावर त्या उतरेनात. म्हणाल्या, "भावाचा फोन होता. म्हणतो, ताई, पुरे आता, घर काढ आणि रत्नागिरीला ये, आम्ही आहोत की. चांगला आहे गं तो. वहिनीही चांगली आहे. मला खोली देतील, वेळेवर जेवण देतील." मग म्हणाल्या, "पण मी तिथे कुणाची बाई? इथे सकाळी सातला दार वाजतं म्हणून मी उठते. पाय गेले तर जाऊ देत, काठी घेईन. पण मला शिकवायचंय. दिवाळीपर्यंत बघते. तोवर काही लागलं नाही तर जाते." मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, जे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मग आम्ही शनिवार पुन्हा सुरू केले. कल्पना काकूंची. म्हणाल्या, इतके दिवस ह्यांनी आमची परीक्षा घेतली, आता आपण घेऊ. मॅडमना खुर्चीत बसवायचं, डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि तळपायाखाली एकेक वस्तू ठेवायची. काथ्याचं पायपुसणं, ताटातला साबुदाणा, फ्रिजमधून काढलेली स्टीलची थाळी, तांदूळ. दादूसने उरणच्या मोरा बंदराजवळच्या किनाऱ्यावरची वाळू पिशवी भरून आणून दिली. प्लेटबद्दल मॅडमनी त्याची माफी मागितली तेव्हा तो इतका लाजला की चेन चाचपत बसला. "जाऊ द्या ओ. नवी पलेट हाय, गाडीचं भलंच झालं," म्हणाला.

निकाल वाईट होते. थंड थाळी कधीमधी कळायची. बाकी सगळं कापूस. काकूंना बघवत नसे. एकदा त्यांनी साबुदाणा ताटात मुद्दाम वरून ओतला, आवाज व्हावा म्हणून. मॅडम लगेच म्हणाल्या, "साबुदाणा." आणि मग ओढणी काढून काकूंकडे पाहिलं. "हे कानानं सांगितलं. कापूस आणा." तेव्हापासून कानात बोळे. डोळे बांधलेले, कान बंद, पाय पुढे. आम्ही त्यांच्या खांद्यावर टिचकी मारली की वस्तू ठेवली असं समजायचं. त्या मन लावून बसायच्या, कपाळाला आठी, आणि पुन्हा पुन्हा म्हणायच्या, "नाही. नाही. काही नाही." इतक्या प्रामाणिकपणे नाही म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. खोटं एक हो म्हटलं असतं तर आम्हा तिघींनाही बरं वाटलं असतं.

मधे पायांत मुंग्या यायला लागल्या, रात्री आग व्हायची. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं, तंतू जागे होतानाही होऊ शकतं, पण त्यावर अवलंबून राहू नका. मॅडम अवलंबून राहिल्या नाहीत. पण पित्ताची गोळी सुटली, चहा कमी झाला आणि एका शनिवारी त्या आमच्यादेखत वाटीभर ताक नाक धरून प्यायल्या. काकू म्हणाल्या, "वासराला सांगते मी समजावून." भावाने तोवर खोली रंगवायला काढली होती. रंग कोणता, हे विचारायला त्याने फोन केला तेव्हा मॅडम म्हणाल्या, तुला आवडेल तो. फोन ठेवून बराच वेळ त्या खिडकीबाहेरच्या गाडीकडे बघत बसल्या.

दिवाळी तोंडावर आली. बाहेर सोसायटीत कंदिलांच्या काड्या सांधायचं काम चाललं होतं. शनिवार होता. खोलीत आम्ही तिघी. मॅडम ओढणी बांधून, बोळे घालून बसलेल्या, दोन्ही पाय फरशीवर. काकू स्वयंपाकघरात वस्तू जमवत होत्या आणि मी थाळी थंड झाली का बघत होते. कुणी टिचकी मारली नव्हती.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. कानात बोळे असल्यामुळे आवाज जरा मोठाच. "हे काय ठेवलंत?"

मी वळून पाहिलं. आम्ही काहीच ठेवलं नव्हतं. मग दिसली. एक काळी मुंगी त्यांच्या उजव्या पावलावर चढली होती आणि बोटांच्या मुळाशी चाचपडत होती. मी तिला झटकायला खाली वाकले तर काकूंनी येऊन माझं मनगट घट्ट धरलं.

मॅडमनी एक बोट हवेत धरलं आणि त्या बोटाने रेघ काढू लागल्या. "हे इथून सरकतंय. करंगळीकडे चाललंय." मुंगी करंगळीकडे चालली होती. "थांबलं." मुंगी थांबली होती. "आता वळलं. वर येतंय, घोट्याकडे." हवेतली रेघ आणि पायावरची मुंगी, दोन्ही एकाच वाटेने जात होत्या. मध्येच रेघ अडली. "गेलं. आता काही नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं तोंड उतरलं. मुंगी घोट्याच्या मागच्या खळग्यात शिरली होती. काकूंनी माझं मनगट सोडलं नव्हतं. मुंगी पुन्हा पुढे आली. "आलं," मॅडम म्हणाल्या. "किती हलकं आहे गं. किती पाय आहेत ह्याला."

त्यांनी बोळे काढले. ओढणी सोडली. आम्ही दोघी रडत होतो, ते त्यांना दिसलं. मुंगी तोवर साडीच्या काठापाशी पोचली होती. मॅडमनी फोन उचलला, भावाला लावला आणि म्हणाल्या, "रंग तुझ्या मुलीला विचार, खोली तिला दे." मग फोन बाजूला ठेवून तशाच बसून राहिल्या, आमच्याकडे बघत. मुंगी काठावरून उतरून पुन्हा पावलावर आली, अंगठ्यावरून फरशीवर गेली. "उतरली," मॅडम म्हणाल्या. खाली त्यांनी पाहिलंच नाही.